बाराने भागल्यावर उरणारी बाकी

लघुप्रमाणात लाकडी फर्निचर घडवण्याच्या छंदाची पहिली पायरी भागाकाराची असते. या छंदात सर्वाधिक रुळलेले प्रमाण एकास बारा हे आहे. फूट-इंचांच्या जगात जन्मलेले हे प्रमाण, कारण खऱ्या वस्तूतल्या एका फुटाचा इथे बरोबर एक इंच होतो. ७५० मिलिमीटर उंचीचे टेबल या हिशेबाने साडेबासष्ट मिलिमीटरचे होते, खुर्चीची ४५० मिलिमीटर उंचीवरची बैठक साडेसदतीसवर येते आणि १८ मिलिमीटर जाडीची फळी दीड मिलिमीटरची पट्टी होऊन बसते. कागद-पेन्सिल घेऊन बसले, तर एखाद्या कपाटाचा सगळा आराखडा थोड्या वेळात भागून काढता येतो, आणि आता उरले ते केवळ नाजूक हाताने कापण्याचे काम, असा समज सहज होतो. पण कागदावर हा भागाकार जितका निःशेष जातो, तितका लाकडात जात नाही. आकार बाराने भागला जातो. लाकडाचे तंतू भागले जात नाहीत, सरस भागला जात नाही, प्रकाश भागला जात नाही, आणि करणाऱ्याची बोटे तर मुळीच भागली जात नाहीत. ही जी बाकी उरते, तिची व्यवस्था लावण्यातच या कलेचा बहुतेक भाग खर्च होतो. बघणारे बहुधा संयमाचे कौतुक करतात. संयम लागतोच, पण तो कोणत्याही हातकामाला लागतो; इथे त्याहून अधिक लागते ती काय लहान करायचे, काय तसेच ठेवायचे आणि काय सरळ गाळून टाकायचे, हे ठरवण्याची तयारी.

पहिला निर्णय लाकडाचा, आणि तो बराचसा उफराटा असतो. ओकच्या लाकडात वाढीच्या हंगामाच्या सुरुवातीला तयार होणाऱ्या वाहिन्या पाव मिलिमीटर किंवा त्याहूनही रुंद असतात. खऱ्या टेबलावर त्या बारीक रेघोट्यांसारख्या दिसतात आणि ओकला त्याचा ओळखीचा चेहरा त्यांच्यामुळेच मिळतो. तेच लाकूड लहान टेबलाला वापरले, की पाहणाऱ्याचा डोळा नकळत सगळ्याला बाराने गुणतो, आणि पाव मिलिमीटरच्या वाहिन्या त्याला तीन मिलिमीटरच्या भोकांसारख्या दिसू लागतात. टेबल वाळवीने पोखरल्यासारखे वाटते. सागाची गोष्ट फारशी वेगळी नाही. त्याच्याही वाहिन्या नुसत्या डोळ्यांना दिसतात, शिवाय त्याच्या लाकडात सिलिका असल्यामुळे बारीक पात्यांची धार लवकर उतरते. थोडक्यात, ओकचे टेबल ओकचे वाटायला हवे असेल, तर ते ओकमध्ये करता येत नाही. नासपती, चेरी, बॉक्सवुड अशी बारीक पोताची, वाहिन्या जवळजवळ न दिसणारी लाकडे घ्यावी लागतात आणि मग रंग देऊन ती ओक किंवा शिसव ‘आहेत’ असे दाखवावे लागते. बॉक्सवुडचा पोत इतका घट्ट असतो, की छपाईसाठीचे सूक्ष्म कोरीव ठसे एकेकाळी त्याच्याच आडव्या छेदावर कोरले जात. नासपतीला काळा रंग चांगला बसतो, म्हणून मोठ्या फर्निचरमध्येही ते अबनूसाच्या जागी वापरले गेलेले आहे. लाकडाच्या शुद्धतेबद्दल आग्रही असलेल्या सुताराला हे सगळे फसवणुकीसारखे वाटेल. मला ते तसे वाटत नाही, कारण लघुवस्तूत लाकूड स्वतःची भूमिका करत नसते. ते दुसऱ्या लाकडाची भूमिका करत असते, आणि त्या भूमिकेला शोभेल असाच नट निवडावा लागतो.

वाहिन्यांसारखीच अडचण वाढीच्या वलयांची. झपाट्याने वाढलेल्या झाडात दोन वलयांमधले अंतर चार-पाच मिलिमीटर सहज असते. लहान कपाटाच्या दारावर त्यातली जेमतेम आठ-नऊ वलये मावतात आणि दार म्हणजे एखाद्या अवाढव्य झाडाचा तुकडा वाटू लागतो. म्हणून सावकाश वाढलेले, घट्ट वलयांचे लाकूड शोधावे आणि ते अशा दिशेने चिरावे, की वलये पृष्ठभागावर सरळ, जवळजवळ रेषांसारखी उमटतील. या चिरण्याला दुसरेही कारण आहे. हवेतल्या दमटपणानुसार लाकूड फुगते आणि आकसते, आणि वलयांच्या दिशेने होणारी ही हालचाल त्यांना छेदून जाणाऱ्या दिशेपेक्षा साधारण दुप्पट असते. ४८० मिलिमीटर रुंदीची फळी एक टक्का फुगली, तर ती जवळजवळ पाच मिलिमीटर वाढते. चौकटीच्या खाचेत दिला, म्हणजे चौकटीच्या आत बसणारी फळी, मोकळा ठेवण्याची पद्धत त्यासाठीच रूढ झाली. लहान कपाटाचा दिला चाळीस मिलिमीटरचा असतो आणि तो ०.४ मिलिमीटर वाढतो. आकडा क्षुल्लक वाटतो, पण टक्केवारी तीच आहे, आणि आपण ज्या फटी राखतो त्या याहूनही बारीक असतात. भरीस भर म्हणजे जाड फळीला हवेशी जुळवून घ्यायला आठवडे लागतात, तर दीड मिलिमीटरची पट्टी काही तासांत बदलते. टेबलावर सपाट ठेवलेल्या पट्टीच्या वरच्या बाजूला हवा लागते, खालच्या बाजूला लागत नाही, आणि दुपारपर्यंत तिला बाक येतो. त्यामुळे कापलेले सुटे भाग मी एकतर उभे ठेवतो किंवा दोन काचांच्या मध्ये दाबून ठेवतो.

कार्यशाळा या शब्दाने जे चित्र उभे राहते, तेवढे माझ्याकडे काही नाही. खिडकीला लागून एक जड टेबल आहे, त्याला पुढच्या कडेला बोटभर उंचीची पट्टी ठोकलेली आहे, आणि त्या पट्टीला एक सुती कापड अडकवलेले असते, ज्याचे दुसरे टोक मी बसल्यावर कमरेला खोचतो. खाली पडणारी प्रत्येक वस्तू त्या झोळीत येते. दागिने घडवणारे कारागीरही टेबलाखाली असेच कातडे किंवा कापड ताणून बसतात. त्यांना सोन्याचा कीस हवा असतो, मला तीन मिलिमीटरची मूठ. उजेड बाजूने, खालच्या कोनातून येईल असा ठेवतो, कारण वरून पडणाऱ्या सपाट उजेडात ओरखडे दिसतच नाहीत आणि रंग दिल्यावर मात्र सगळेच्या सगळे उघडे पडतात. कपाळावर बसवायचे दोन-अडीच पट मोठे दाखवणारे भिंग पुरते. त्याहून मोठे केले, तर दिसते जास्त पण हातात आणि भिंगात अवजार फिरवायला जागा उरत नाही. आणि मास्क. लहान कामात भुसा थोडाच पडतो, पण तो पिठासारखा बारीक असतो आणि नाक अगदी त्याच्यावर असते. लाकडाची धूळ माणसात कर्करोगाला कारण ठरते, हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच निश्चित केले आहे. या छंदात सुरक्षिततेची चर्चा बोटे कापण्यापुरतीच होते, हे मला नेहमी खटकते.

मापाच्या बाबतीत मोठ्या सुतारकामाच्या सवयी विसराव्या लागतात. नेहमीची हातकरवत दीड मिलिमीटर लाकूड भुशात घालवते. म्हणजे तिचा छेद माझ्या फळीच्या जाडीइतका होतो. त्यासाठी पातळ पात्याची, बारीक दातांची करवत लागते, जिचा छेद पाव-अर्धा मिलिमीटरच्या दरम्यान राहतो. अर्ध्या मिलिमीटरच्या पेन्सिलीने ओढलेली रेघ या जगात सहा मिलिमीटर रुंद असते, आणि कापायचे तिच्या कोणत्या कडेला, हा प्रश्न उरतोच. म्हणून खूण पेन्सिलीने न करता धारदार सुरीने करावी लागते. सांध्यात दशांश मिलिमीटरची फट राहिली, तर ती सव्वा मिलिमीटरच्या फटीइतकी बोचते, आणि खऱ्या फर्निचरमध्ये अशी फट कोणताही अभिमानी सुतार खपवून घेणार नाही. अशा अचूकतेसाठी मोजण्यावर फार भिस्त ठेवू नये, असा माझा अनुभव आहे. चार पाय सारखे हवे असतील, तर चारदा मोजण्यापेक्षा करवतीच्या पुढे एक अडणा घट्ट बसवावा आणि चारही तुकडे त्याला टेकवून कापावेत. मग लांबी किती आहे हे गौण ठरते. ती सारखी आहे, एवढे पुरते.

खरी कसोटी लागते ती धरण्याची. नखाएवढ्या तुकड्यावर रंधा मारायचा असेल, तर तो कशात आवळणार? बोटात धरला तर बोटच आधी सोलले जाते, शेगड्यात, म्हणजे लाकूड आवळून धरणाऱ्या जबड्यात, आवळला तर तो चुरडतो. या प्रश्नाचे उत्तर कामाचा क्रम उलटा करण्यात आहे. मोठा सुतार आधी तुकडा कापतो आणि मग त्याला आकार देतो. इथे आकार आधी द्यायचा आणि कापायचे सगळ्यात शेवटी. खुर्चीच्या पाठीतला वीस मिलिमीटरचा नक्षीदार आडवा दांडा करायचा असेल, तर हातभर लांबीच्या पट्टीच्या टोकावर तो पूर्ण घडवायचा, घासायचा, त्याला खाचा पाडायच्या, आणि सगळे झाल्यावर त्याला पट्टीपासून सोडवायचे. तोपर्यंत ती पट्टी हीच त्याची मूठ असते. कातकामातही तेच. तीन मिलिमीटर जाडीचा पाय लेथवर पात्याच्या दाबाने धनुष्यासारखा लवतो, म्हणून टोकाकडून सुरुवात करून, मागे जाड लाकूड शिल्लक ठेवत, सगळ्यात बारीक गळा अगदी शेवटी उतरवायचा. जिथे हा उपाय चालत नाही, तिथे तुकडा दुसऱ्या लाकडी ठोकळ्यावर कागद मध्ये घालून चिकटवायचा. काम झाले, की कागद चिरतो आणि तुकडा सुटतो. अडणे, साचे, ठोकळे यांची माझ्याकडे आता एक पेटी भरली आहे. एका खुर्चीसाठी लागणारा साचा करायला बहुतेकदा खुर्चीपेक्षा जास्त वेळ जातो, आणि तो वेळ कोणालाही दिसत नाही. मला मात्र साचे करणे खुर्च्या करण्याइतकेच आवडते. हे कबूल करायला हरकत नसावी.

एवढे बारीक पाय, एवढ्या बारीक दांड्या टिकतात कशा, असे पाहणाऱ्याला वाटते. टिकण्याचे गणित गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मांडून ठेवले आहे. वस्तू सर्व बाजूंनी बारापट लहान केली, की तिच्या कोणत्याही भागाचा छेद १४४ पटींनी कमी होतो, पण वजन १७२८ पटींनी कमी होते. पाच किलोची खुर्ची तीन ग्रॅमची होते. स्वतःच्या वजनाच्या तुलनेत लहान खुर्ची मोठीपेक्षा बारापट बळकट असते. ती टेबलावरून खाली पडली, तरी बहुधा काही होत नाही. तिचा शत्रू वजन नाही, बोट आहे. तिचा पाय मोडायला खऱ्या पायाच्या एकशे चव्वेचाळिसावा जोर पुरतो, आणि माणसाच्या बोटाचा जोर तर पूर्ण आकाराचाच असतो. म्हणून लघुखुर्चीतले सांधे बसणाऱ्यासाठी करायचे नसतात, उचलणाऱ्यासाठी करायचे असतात. कोणी तिला कशी उचलेल, चिमूट कुठे बसेल, पाठीचा वरचा दांडा धरला तर ताण कोणत्या सांध्यावर येईल, याचा विचार करून मी खुंट्या घालतो. अर्ध्या मिलिमीटरची पितळी तार आत बसवली आणि भोक लाकडाच्या पाचरीने बुजवले, तर तो सांधा नुसत्या सरसावर ठेवलेल्या सांध्यापेक्षा कितीतरी जास्त सोसतो. खऱ्या खुर्चीत त्या जागी तार नसते. नसो.

वजनाचे हेच गणित ड्रॉवरच्या बाबतीत अनपेक्षित रीतीने आडवे येते. साठ किलोचे ड्रॉवरचे कपाट लहान झाल्यावर पस्तीस ग्रॅमचे राहते, पण ड्रॉवर आणि खण यांच्यातले घर्षण त्या मानाने कमी झालेले नसते. परिणामी मूठ धरून ड्रॉवर ओढला, की ड्रॉवर उघडण्याऐवजी सगळे कपाटच पुढे सरकते. यावर उपाय म्हणून मी कपाटाच्या तळात, दिसणार नाही असे, शिशाचे पत्रे बसवतो आणि ड्रॉवरच्या खालच्या कडांना मेण चोळतो. दोन्ही बाजूंना मिळून पाव मिलिमीटरइतकी मोकळीक ठेवतो. कमी ठेवली तर दमट हवेत तो अडकतो, जास्त ठेवली तर तिरका होऊन अडकतो.

आता ड्रॉवर उघडायचा म्हटला, की त्याचे कोपरे दिसणार, आणि तिथे डव्हटेलचा सांधा असावा की नसावा, हा प्रश्न येतो. एक मिलिमीटर जाडीच्या बाजूंमध्ये कापलेली ती पाचरीच्या आकाराची दाती दोन मिलिमीटरची असतात. मजबुतीसाठी त्यांची काडीचीही गरज नाही. शिवाय पांढऱ्या सरसातले पाणी लागले, की ती फुगतात आणि कोरडी असताना सहज बसणारा सांधा अर्ध्यावर अडतो. म्हणून सरस सुईच्या टोकाने, अगदी कणभर लावावा लागतो. या बाबतीत माझा नियम ठरलेला आहे. जे उघडते ते खरे करायचे. जे उघडत नाही ते बाहेरून खरे दिसले, की पुरे. न उघडणाऱ्या ड्रॉवरच्या जागी मी एकाच फळीवर खाचा पाडून मोकळा होतो. काही कारागीर कधीच कोणाला न दिसणाऱ्या आतल्या भागातही सगळे सांधे खऱ्यासारखे करतात. त्यांच्या हाताला मी दाद देतो, पण त्या हट्टात कलेपेक्षा अहंकाराचा भाग जास्त असतो, असे माझे मत आहे.

हा प्रश्न जुना आहे आणि त्याची उत्तरे वेगवेगळ्या काळात वेगवेगळी दिली गेली आहेत. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये पेट्रोनेला ऊर्टमन हिचे बाहुलीघर आहे. साधारण १६८६ ते १७१० या काळात सजलेले हे घर मुलांच्या खेळासाठी नव्हते. ते श्रीमंत घरातल्या प्रौढ स्त्रीचा संग्रह होता, आणि त्यावरचा खर्च कालव्याकाठच्या खऱ्या घराच्या किमतीच्या तोडीचा मानला जातो. तिथे खरेपणाची कसोटी वस्तू आणि साहित्याची होती: लाकडाला लाकूड, चांदीला चांदी, चिनी मातीला चिनी माती. एडविन लचेन्स या वास्तुरचनाकाराने १९२१ ते १९२४ या काळात ब्रिटनच्या राणी मेरीसाठी उभारलेल्या एकास बारा प्रमाणातल्या घरात कसोटी चालण्याची होती. तिथले दिवे लागतात, नळांना पाणी येते, लिफ्ट वरखाली होते. शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमधल्या नार्सिसा थॉर्न यांच्या ६८ खोल्या बहुतांशी १९३० च्या दशकात कारागिरांकडून करवून घेतलेल्या आहेत आणि त्यांची कसोटी नजरेची आहे. प्रत्येक खोलीला एकच उघडी बाजू, त्यामुळे पाहणाऱ्याचा डोळा कुठे असेल हे ठरलेले, आणि सगळी रचना त्या डोळ्यासाठी केलेली. आणि फ्रान्सिस ग्लेसनर ली यांनी १९४० च्या दशकात पोलिसांच्या प्रशिक्षणासाठी करवून घेतलेल्या मृत्युप्रसंगांच्या प्रतिकृतींमध्ये तर खरेपणाला व्यावहारिक अर्थ आला. तिथे खिडकीची कडी लागलेली आहे की नाही, याला पुराव्याचे मोल होते, म्हणून कडी खरोखर कडी असणे भाग होते. या चौघांपैकी कोणाचा मार्ग बरोबर, असा प्रश्न मला निरर्थक वाटतो. पण प्रत्येकाने आपल्या कामाचे एक कारण ठरवले होते आणि कशावर किती कष्ट घ्यायचे ते त्या कारणावरून ठरले, हे मात्र मला उपयोगी पडते. माझ्या वस्तू हातात घेऊन पाहिल्या जातात, त्यामुळे त्यांची तळाची बाजूही नीट असावी लागते. थॉर्नच्या खोलीत ती नसती तरी चालली असती.

ज्या खुर्चीने मला भागाकाराची मर्यादा सगळ्यात स्पष्टपणे शिकवली, ती मिखाएल थोनेट या फर्निचर-उत्पादकाची १४ क्रमांकाची खुर्ची. १८५९ साली बाजारात आलेली ही बीच झाडाच्या वाकवलेल्या दांड्यांची खुर्ची सहा लाकडी भाग, दहा स्क्रू आणि दोन नट एवढ्यातच उभी राहते, आणि सुट्या केलेल्या छत्तीस खुर्च्या एक घनमीटरच्या पेटीत मावत. पाहायला ती इतकी साधी आहे, की लहान प्रमाणात सोपी जाईल असे वाटते. पण लाकूड वाकवण्याचे गणित प्रमाण जाणत नाही. तीस मिलिमीटर जाडीचा दांडा २०० मिलिमीटर त्रिज्येत वाकवताना त्याच्या बाहेरच्या बाजूला जितका टक्के ताण येतो, तितकाच टक्के ताण अडीच मिलिमीटरची काडी साडेसोळा मिलिमीटरच्या त्रिज्येत वाकवताना येतो. तो सुमारे साडेसात टक्के असतो, आणि वाफवलेले लाकूडही जेमतेम एक-दोन टक्केच ताणले जाते. दाबले मात्र ते बरेच जाते. म्हणूनच थोनेटच्या कारखान्यात दांड्याच्या बाहेरच्या बाजूला लोखंडी पट्टी आवळत, म्हणजे बाहेरची बाजू ताणली न जाता आतली दबत असे. माझा एकच फायदा, की काडी पातळ असल्याने गरम पाण्यात ती थोड्याच वेळात आतपर्यंत भिजते, तर खऱ्या दांड्याला तासभर वाफ द्यावी लागते. पण पट्टी मलाही लागते. पातळ पितळेची पट्टी मी तशीच बाहेरून आवळतो.

तरीही मागचे पाय आणि पाठ मिळून होणारी ती लांबलचक कमान अखंड काडीतून नीट येत नाही. वळणावर तंतू उचलतात, आणि उचललेला एक तंतू या प्रमाणात लाकडाच्या सालीइतका जाड दिसतो. त्यामुळे मी ती नासपतीच्या अर्धा-पाऊण मिलिमीटरच्या पातळ पट्ट्या सरसाने एकावर एक चिकटवून, साच्यावर वाकवून करतो आणि वाळल्यावर कानशीने गोल घासतो. गंमत अशी, की थोनेटने अखंड लाकूड वाकवण्याचे पेटंट मिळवले ते १८५६ मध्ये; त्याआधी, १८३० च्या दशकात, जर्मनीतल्या बोपार्ड इथल्या आपल्या कार्यशाळेत तो सरसात उकळलेल्या पातळ पट्ट्या एकत्र वाकवूनच खुर्च्या करत होता. म्हणजे त्याची प्रसिद्ध खुर्ची लहान करायची तर त्याने सोडून दिलेल्या पद्धतीकडे परत जावे लागते.

बैठकीच्या वेताच्या विणीचेही तेच. खऱ्या कड्यात वेत ओवायची भोके साधारण तेरा मिलिमीटर अंतरावर असतात आणि बैठकीच्या आकारानुसार ती सत्तर-ऐंशीच्या घरात जातात. बाराने भागले, तर भोकांमधले अंतर एक मिलिमीटरच्या थोडे वर येते आणि तेवढ्या जवळ भोके पाडली, की कडे तिकिटासारखे फाटते. मी अंतर दीड मिलिमीटर ठेवतो, भोके साठच्या आतच पाडतो आणि वेताच्या जागी मेण लावलेला रेशमी धागा ओवतो. सहा फेऱ्यांची वीण मात्र पूर्ण करतो. भोके कोणी मोजत नाही, पण विणीतली अष्टकोनी छिद्रे नसली, तर खुर्ची पाहणाऱ्याला काहीतरी हरवल्यासारखे नक्की वाटते.

रंगकामाबद्दल फार सांगण्यासारखे नाही. लाखेचे पातळ पॉलिश, पुन्हा पुन्हा आणि अतिशय कमी, एवढाच मंत्र आहे. वार्निशचा दशांश मिलिमीटरचा थर या प्रमाणात सव्वा मिलिमीटरचा होतो आणि कोपरे साखरेच्या पाकात बुडवल्यासारखे गोल दिसू लागतात. चकाकी तर जवळजवळ टाळावीच, कारण दिवा खऱ्या आकाराचा असतो आणि त्याचे प्रतिबिंब टेबलाच्या अर्ध्या फळीवर पसरते. सरसाचा ठिपका जिथे राहिला असेल तिथे रंग धरत नाही, म्हणून मी बरेचदा भाग जोडण्याआधीच रंगवून घेतो.

लेझरने कापलेले तयार संच आता सहज मिळतात आणि त्यांना नाके मुरडणाऱ्यांमध्ये मी नाही. एकसारखे पंचवीस गज हवे असतील, तर यंत्राने कापणे शहाणपणाचे आहे. माझी तक्रार अचूकतेच्या उलट्या बाजूची आहे. यंत्र भागाकार बिनचूक करते आणि बाकीकडे पाहतच नाही. कपाटाच्या फळीच्या कडा, तिच्यावरची गोलाई, मुठींची जाडी हे सगळे ते बरोबर बाराने भागून देते आणि म्हणूनच ती वस्तू किंचित पोरकी, कृश दिसते. कडांची गोलाई प्रमाणापेक्षा जराशी जास्त ठेवली, तर उजेड तिच्यावर पकडला जातो आणि वस्तूला भार येतो. हे मी कुठल्या नियमाने सिद्ध करू शकत नाही, पण दोन वस्तू शेजारी ठेवून दाखवू शकतो.

सध्या माझ्या टेबलावर जे काम आहे, ते सुताराच्या कामाच्या बाकाचे. त्याला एक जुने निमित्त आहे. थीब्जजवळच्या मेकेत्रे या इजिप्ती अधिकाऱ्याच्या थडग्यात १९२० मध्ये सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी प्रतिकृती सापडल्या. त्यांतली सुतारशाळेची प्रतिकृती कैरोच्या संग्रहालयात आहे. त्यात एक माणूस खांबाला उभी बांधलेली फळी करवतीने चिरतो आहे, इतर वाकसाने लाकूड तासताहेत, आणि शेजारच्या पेटीत चिमुकली अवजारे आहेत. माणसांच्या आकृती ढोबळ आहेत, पण फळी खांबाला कशी बांधतात, हे त्या कारागिराने नेमके दाखवले आहे. हातांची बोटे कोरण्यात त्याने वेळ घालवला नाही; काम समजण्यासाठी जे लागते तिथे मात्र तो थांबला. त्या प्रतिकृतीची छायाचित्रे पाहताना मला वाटले, की आपणही निदान एक बाक करावे आणि त्याचा शेगडा खरोखर आवळला जाईल असा करावा.

अडचण त्या शेगड्याच्या लाकडी स्क्रूची आहे. खरा स्क्रू साठ मिलिमीटर जाडीचा आणि त्याचे आटे बारा मिलिमीटर अंतरावर असतात. बाराने भागले, तर पाच मिलिमीटर जाडी आणि एक मिलिमीटरवर आटे. कठीण लाकडातल्या एका तंतूची लांबी मुळातच एक मिलिमीटरच्या आसपास असते. खऱ्या स्क्रूच्या प्रत्येक आट्यात असे तंतू एकापुढे एक गुंफलेले असतात, पण माझ्या आट्यात एकही तंतू अखंड राहणार नाही आणि पहिल्याच फेऱ्यात कड उडून जाईल. पितळेचा स्क्रू करून लाकडी रंग देता येईल, पण शेगडा हाच या बाकाचा उघडणारा भाग असल्याने माझ्याच नियमाने तो खरा असायला हवा. मग मी बॉक्सवुडच घेतो आहे, आटे दोन मिलिमीटरवर पाडतो आहे आणि त्यांची कड टोकदार न ठेवता थोडी बोथट ठेवतो आहे. म्हणजे जबडा उघडल्यावर जिथे पंधरा आटे दिसायला हवेत तिथे सात-आठच दिसतील, आणि तेवढ्यात शेगडा एखादी दीड मिलिमीटरची फळी घट्ट धरू शकेल.